भिडूची भाषा : ब्रिजमधल्या एका प्रश्नाचा इतिहास

मंडळी, आपल्याकडे निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. चपला घालता घालता पाहुणा "येतो बरं का" म्हणतो, घरातले "या हं" म्हणतात आणि दार लावून घेतात. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ती 'वाढवली' म्हणायचं. देवापुढचा दिवा विझत नाही, तो 'शांत' होतो. शब्द एक, अर्थ दुसरा, आणि तरीही यात फसवणूक नाही. कारण बोलणारा, ऐकणारा आणि शेजारी बसलेला तिसरा, सगळ्यांनाच तो अर्थ ठाऊक असतो. पंचाईत होते ती फक्त इथे वाढलेल्या आपल्या मुलांची. "काका येतो म्हणाले, मग अजून आले कसे नाहीत?" हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारून झालेला असेल!

ब्रिज नावाच्या पत्त्यांच्या खेळात असेच शब्द आहेत. त्यांना 'कन्व्हेन्शन' म्हणतात, आपण 'संकेत' म्हणू. ब्रिज येणाऱ्यांना ते पाठ असतात, न येणाऱ्यांना ते काहीतरी गूढ वाटतात. पण हे शब्द आले कुठून, कोणी काढले, त्यांना दिलेली नावं खरंच त्या काढणाऱ्यांची आहेत का, ही हकीकत ब्रिज न येणाऱ्यालाही वाचावीशी वाटेल अशी आहे. म्हणून या लेखात एकच छोटा कोपरा घेतला आहे : भिडूने 'एक नोट्रम्प' अशी बोली केली, तर आपण काय बोलायचं? या एका प्रश्नाने गेली शंभर वर्षं जगभरच्या हुशार माणसांची झोप उडवली आहे.

थोडी उजळणी

ज्यांनी मेंढीकोट किंवा तीनशे चार खेळलंय त्यांना ब्रिजचा सांगाडा समजायला पाच मिनिटं पुरतात. चार जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं. उतारी करायची, त्याच रंगाचं पान टाकायचं, ते नसेल तर हुकूम मारायचा, मोठं पान टाकणारा हात घेतो. असे एकूण तेरा हात. फरक असा की खेळ सुरू होण्याआधी बोली होते. आम्ही इतके हात करू आणि अमुक हुकूम ठेवून करू, असं आधी सांगायचं आणि मग ते करून दाखवायचं. पहिले सहा हात धरूनच चालायचं, म्हणजे 'चार इस्पिक' म्हटलं की इस्पिक हुकूम ठेवून दहा हात. 'नोट्रम्प' म्हणजे बिनहुकमी, हुकूमच नाही.

या बोलीसाठी किती शब्द मिळतात माहीत आहे? फक्त पंधरा. एक ते सात हे आकडे, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नोट्रम्प ही पाच नावं, आणि पास, डबल, रिडबल. भुवया उंचवायच्या नाहीत, सुस्कारा टाकायचा नाही, "अरे वा!" म्हणायचं नाही. एका माणसाला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार आहेत ६३५ अब्जांहून जास्त, आणि ते सांगायला शब्द पंधरा!

शिवाय बोलीला उतरंड आहे. किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर नोट्रम्प. बोली नेहमी चढती. म्हणजे भिडूने 'एक नोट्रम्प' म्हटलं की एकच्या पायरीवरचे सगळे शब्द संपले. यापुढचा सगळ्यात स्वस्त शब्द 'दोन किलवर'. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट या दोन किलवरभोवती फिरते.

बोटीवर जन्मलेला खेळ

ब्रिजचा आजा म्हणजे इंग्रजांचा व्हिस्ट. एडमंड हॉइल यांनी १७४२ मध्ये त्यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड खपलं. त्यातून पुढे ब्रिज-व्हिस्ट आणि मग लिलावासारखी बोली असलेला ऑक्शन ब्रिज निघाला. हिंदुस्थानात कुठल्याशा आडगावी नेमणूक झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना चौथा भिडू मिळेना, म्हणून तिघांनी मिळून लिलावाची युक्ती काढली, अशी एक हकीकत ऑक्शन ब्रिजच्या जन्माबद्दल सांगतात.

आज खेळतो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज मात्र अमेरिकन. रेल्वेवाल्या व्हँडरबिल्ट घराण्यातले हॅरल्ड व्हँडरबिल्ट १९२५ च्या शरदात लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला जाणाऱ्या 'फिनलंड' नावाच्या बोटीवर होते. बरोबर तीन मित्र आणि भरपूर वेळ. त्यांनी गुण मोजण्याची नवी पद्धत करून पाहिली : जितके हात बोलाल तितक्यांचेच डावाचे गुण, जास्तीचे हात फुकटात डावात धरायचे नाहीत. १ नोव्हेंबर १९२५ रोजी या पद्धतीने पहिल्यांदा खेळ झाला, आणि काही वर्षांत जुना खेळ मागे पडला.

या एका बदलाने बोलीचं महत्त्व कितीतरी पटीने वाढलं. पूर्वी कमी बोलून जास्त हात केले तरी चालायचं. आता नऊ हात होणार असतील तर ते आधी बोलायलाच हवेत. आणि बोलायचे तर भिडूकडे काय आहे ते कळायला हवं. पुरा डाव, म्हणजे 'गेम', शंभर गुणांचा. बदाम-इस्पिकचा एक हात ३० गुणांचा, म्हणजे चार बोलावे लागतात. किलवर-चौकटीचा २० चा, म्हणजे पाच. नोट्रम्पचा पहिला हात ४० चा आणि पुढचे ३० चे, म्हणजे तीनच पुरे. तीन नोट्रम्प की चार इस्पिक? ब्रिजमधला रोजचा प्रश्न हाच.

अडलेलं घोडं

'एक नोट्रम्प' म्हणणारा भिडू सांगतो, माझी पानं चांगली आहेत आणि सगळ्या रंगांत सारखी पसरलेली आहेत. चांगली म्हणजे किती, हे मोजायला पूर्वी निरनिराळे हिशोब होते. तीसच्या दशकात एली कल्बर्टसन यांच्या पुस्तकांनी अमेरिकेला वेड लावलं होतं, त्यांचा हिशोब 'ऑनर ट्रिक'चा, अर्धा-पाऊण करत मोजायचा. मग चार्ल्स गोरेन यांनी १९४९ च्या सुमारास सोपी गुणमोजणी घरोघर पोहोचवली : एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. ही मोजणीही गोरेन यांची नव्हे. मिल्टन वर्क यांनी ती त्याआधी प्रसिद्ध केली होती, आणि त्यांच्याही आधी ब्रायंट मॅकॅम्पबेल यांनी १९१५ मध्ये ती मांडली होती. पण गोरेन यांची पुस्तकं लाखोंनी खपली, १९५८ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं, आणि गुण 'गोरेनचे' झाले. नाव कोणाचं आणि कल्पना कोणाची, हा सूर पुढेही ऐकू येणार आहे.

पत्त्यांच्या जोडात एकूण गुण चाळीस. दोघा भिडूंचे मिळून पंचवीस-सव्वीस झाले की गेम करून पाहावा, तेहतीस झाले की बारा हात, सदतीस असतील तर तेराच्या तेरा. गोरेन यांच्या काळात एक नोट्रम्पला १६ ते १८ गुण लागत, आज अमेरिकेत १५ ते १७ रूढ आहे.

आता बेरीज जमली, पण एक घोडं अडायचंच. दोन्ही भिडूंकडे एकाच रंगाची चार-चार पानं असली तर काय? उदाहरण बघू. नोट्रम्प बोलणाऱ्याची पानं अशी : इस्पिक एक्का, राजा, सत्ती, तिर्री. बदाम राणी, छक्की. चौकट राजा, गुलाम, अठ्ठी, दुर्री. किलवर राजा, नव्वी, पंजी. झाले सोळा गुण. समोरच्याची पानं : इस्पिक राणी, दश्शी, अठ्ठी, चव्वी. बदाम पंजी, तिर्री. चौकट एक्का, राणी, सत्ती. किलवर राणी, गुलाम, अठ्ठी, दुर्री. झाले अकरा. बेरीज सत्तावीस, म्हणजे तीन नोट्रम्प आरामात व्हायला हवेत. पण बदाम बघा. दोघांची मिळून चार पानं आणि त्यांत मोठं पान एकच, तेही राणी. विरोधकाने बदामाची उतारी केली की पहिलेच पाच हात सहज गेले, आणि किलवरचा एक्काही त्यांचाच. नऊच्या जागी सात हात! तेच 'चार इस्पिक' बोलला असता तर? बदामाचे दोन हात जातात, तिसऱ्या वेळी आपण हुकूम मारतो, किलवरचा एक्का जातो, आणि इस्पिकाची उरलेली पाच पानं विरोधकांत तीन-दोन असली की दहा हात आपले. पानं तीच, फरक फक्त योग्य प्रश्न विचारण्याचा. पण विचारायचा कसा? अकरावाल्याने थेट 'तीन इस्पिक' म्हणावं तर भिडूला वाटायचं की याच्याकडे पाच तरी आहेत.

दोन किलवर

उत्तर सापडलं ते शब्दांची काटकसर करून. एक नोट्रम्पनंतर 'दोन किलवर' म्हणणं म्हणजे पूर्वी "मला किलवर हुकूम ठेवून खेळू दे" असं सांगणं. पण किलवरचे आठ हात करून मिळणार चाळीस गुण, त्यापेक्षा नोट्रम्पलाच राहिलेलं बरं. म्हणजे हा शब्द असून नसल्यासारखा. मग तोच नव्या कामाला का लावू नये? ठरलं असं : 'दोन किलवर' याचा किलवरशी संबंध नाही. तो प्रश्न आहे : "बाबा रे, तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिकाची चार पानं आहेत का?" उत्तरही ठरलेलं. बदामाची असतील तर 'दोन बदाम', इस्पिकाची असतील तर 'दोन इस्पिक', आणि काहीच नसेल तर 'दोन चौकट'. तेव्हा चौकटीचा चौकटीशीही संबंध नाही, ते नुसतं "नाही हो" आहे.

न्यूयॉर्कचे जॉर्ज रॅपी यांनी ही कल्पना काढली. ते सॅम स्टेमन यांचे नेहमीचे भिडू. 'ब्रिज वर्ल्ड' या मासिकात जून १९४५ मध्ये स्टेमन यांनी त्यावर लेख लिहिला. वाचणाऱ्यांनी तो वापरून पाहिला, पसंत केला, आणि ज्याचा लेख त्याचं नाव देऊन टाकलं. तेव्हापासून आजतागायत तो 'स्टेमन'. पुढे १९५०, १९५१ आणि १९५३ या तिन्ही वर्षी बर्म्युडा बोल ही जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकन संघात स्टेमन आणि रॅपी दोघेही होते, पण तुमच्या जवळच्या ब्रिज क्लबात विचाराल तर स्टेमन सगळ्यांना माहीत, रॅपी फारच थोड्यांना.

गंमत इथेच संपत नाही. अटलांटिकच्या पलीकडे लंडनमध्ये जॅक मार्क्स म्हणून एक जाणकार होते. उत्तर लंडनमध्ये एकोल रोड नावाच्या रस्त्यावर ब्रिजचा एक क्लब होता. तिथे तीसच्या दशकात मार्क्स, एस. जे. सायमन आणि मंडळींनी बोलीची एक नवी पद्धत घडवली, तिचं नावच 'एकोल' पडलं. या मंडळींत इयन मॅक्लाउडही होते, जे पुढे १९७० मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री झाले. याच मार्क्स यांना दोन किलवरची हीच युक्ती १९३९ मध्ये सुचली होती, स्टेमन यांच्या लेखाच्या सहा वर्षं आधी. मग महायुद्ध आलं. मार्क्स यांचा लेख छापून आला तो १९४६ मध्ये, वर्षभर उशिरा. तोपर्यंत नाव पडून गेलं होतं.

यात चोरी कोणाचीच नाही. रॅपी यांना मार्क्स यांच्या युक्तीची गंधवार्ता असायचं कारण नव्हतं. अडचण खेळातच होती, रिकामा शब्दही तिथेच पडून होता. दोन शहाणे लोक वेगवेगळ्या गावांत बसून एकाच उत्तराला पोहोचले, एवढंच. पण नाव उरलं ते ज्याने आधी लिहून छापलं त्याचं.

स्वीडनहून डॅलसला

दुसरी अडचण लांब रंगाची. भिडू एक नोट्रम्प म्हणतो, माझ्याकडे बदामाची पाच-सहा पानं आहेत पण गुण तीनच. जुन्या रीतीने मी 'दोन बदाम' म्हणायचं आणि भिडूने गप्प बसायचं. यात दोन तोटे. एक म्हणजे बदाम पहिल्यांदा मी बोललो, म्हणून डाव मी खेळणार, आणि भिडूची सगळी राजे-राण्यांची पानं डमी म्हणून टेबलावर उघडी पडणार. ती झाकलेली राहिली आणि उतारी त्यांच्या दिशेने आली, तर एखादा राजा हमखास वाचतो. दुसरा तोटा, मला पुन्हा बोलायची संधी नाही. पाच बदाम आणि तीन गुण, पाच बदाम आणि आठ गुण, हे वेगवेगळं सांगायची सोयच नव्हती.

उपाय विचित्र वाटतो पण बिनतोड आहे : हव्या असलेल्या रंगाच्या खालच्या रंगाचं नाव घ्यायचं. 'दोन चौकट' म्हणजे "माझ्याकडे पाच बदाम आहेत, तू 'दोन बदाम' म्हण." 'दोन बदाम' म्हणजे "इस्पिक आहेत." भिडूने आज्ञाधारकपणे तो रंग बोलायचा. आता डाव तो खेळणार, त्याची पानं झाकलेली, आणि मला पुन्हा बोलता येणार. वाईट पानं असतील तर पास, मध्यम असतील तर 'दोन नोट्रम्प', चांगली असतील तर 'तीन नोट्रम्प' म्हणून निवड भिडूवर सोपवायची. एका शब्दात तीन सोयी! यालाच ट्रान्सफर म्हणतात.

अमेरिकेत ही रीत ऑस्वल्ड जॅकोबी यांच्या नावाने ओळखली जाते, कारण त्यांनी १९५६ मध्ये 'ब्रिज वर्ल्ड'मध्ये लेख लिहिला. पण स्वीडनमध्ये ओले विल्नर यांनी १९५३-५४ मध्येच तिथल्या ब्रिज मासिकात ट्रान्सफर बोलींवर लेखमाला लिहिली होती. म्हणजे या वेळी आधी छापूनही नाव मिळालं नाही! लेख स्वीडिश भाषेत होता आणि जगाचं ब्रिज इंग्रजीत चालत होतं. परक्या मुलुखात मराठी अंक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जॅकोबी हे मात्र नुसते नाव लागलेले गृहस्थ नव्हेत. ब्रुकलिनमध्ये १९०२ साली जन्म, विम्याच्या गणितातले तज्ज्ञ, पुढे डॅलसमध्ये स्थायिक. १९३१-३२ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला कल्बर्टसन आणि सिडनी लेंझ यांच्यात दीडशे रबरांचा सामना झाला आणि वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, तेव्हा लेंझ यांचे भिडू हेच जॅकोबी होते. बोलीवरून दोघांचं इतकं बिनसलं की जॅकोबी सामना अर्ध्यावर सोडून उठले. भिडूला आपली भाषा कळली नाही की काय होतं, हे त्यांनी जगासमोर अनुभवलं होतं. आणि जिद्द अशी की १९८३ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, ते राइसिंगर ही अमेरिकेतली मोठी सांघिक स्पर्धा जिंकले. पुढच्याच वर्षी ते गेले. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठ सभासदांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

याच जातीची चारच्या पायरीवरची बोली म्हणजे 'टेक्सास'. 'चार चौकट' म्हटलं की भिडूने 'चार बदाम' म्हणायचं, 'चार बदाम' म्हटलं की 'चार इस्पिक'. नाव टेक्सासचं, पण श्रेय दिलं जातं सेंट लुइसच्या डेव्हिड कार्टर यांना, आणि स्वतंत्रपणे पुन्हा त्या विल्नर यांनाच. या बोलीचा एक प्रसिद्ध धोका आहे. 'चार बदाम' ही बोली इतकी साळसूद दिसते की भिडू संकेत विसरतो, पास म्हणून मोकळा होतो, आणि आपण एकुलत्या एका बदामाच्या पानावर दहा हात करायला बसतो. त्यावर तोड म्हणून बदाम-इस्पिकासाठी 'चार किलवर' आणि 'चार चौकट' वापरायची रीत निघाली. तिला 'साउथ आफ्रिकन टेक्सास' म्हणतात. त्या बोली ऐकून कोणी चुकूनही पास म्हणणार नाही. संकेत नुसता हुशार असून भागत नाही, रात्री अकरा वाजता दमलेल्या भिडूलाही तो आठवायला हवा!

नावांच्या गमतीत सगळ्यात वरचा नंबर 'लेबेनसोल'चा. आपल्या भिडूच्या एक नोट्रम्पनंतर विरोधकाने मध्येच तोंड घातलं तर 'दोन नोट्रम्प' म्हणून भिडूला 'तीन किलवर' बोलायला लावायचं आणि मग आपलं म्हणणं मांडायचं, अशी ही रीत. जॉर्ज बोम यांनी १९७० मध्ये 'ब्रिज वर्ल्ड'मध्ये ती छापली आणि केन लेबेनसोल्ड यांची म्हणून सांगितली, तीही नावातलं शेवटचं अक्षर चुकवून. लेबेनसोल्ड यांनी सांगितलं की ही माझी नाहीच. पण छापलेलं ते छापलेलं! ज्याने काढली नाही अशा माणसाचं, तेही चुकीच्या स्पेलिंगचं नाव आजही जगभर चालू आहे.

संकेत आणि खाणाखुणा

इथपर्यंत वाचून एखादे आजोबा म्हणतील, "हे तर सगळं खाणाखुणांचंच काम. आम्ही मेंढीकोटात कान खाजवला की रडीचा डाव म्हणायचात, आणि यांनी किलवर म्हणून इस्पिक विचारला की कन्व्हेन्शन?" आक्षेप बरोबर आहे, आणि नवाही नाही. एखादी बोली तिच्या शब्दांपेक्षा वेगळा अर्थ सांगू लागली की ते प्रामाणिक का, यावर ऑक्शन ब्रिजच्या काळापासून वाद झाले.

खेळाने दिलेलं उत्तर मला फार आवडतं : भिडूशी काहीही ठरवा, पण जे ठरवाल ते विरोधकांनाही कळलं पाहिजे. स्पर्धेत प्रत्येक जोडी आपले संकेत एका कार्डावर लिहून टेबलावर ठेवते. कोणत्याही बोलीचा अर्थ विरोधक विचारू शकतात, आणि सांगायचं ते बोलणाऱ्याने नव्हे, त्याच्या भिडूने. अमेरिकेतल्या क्लबात कोणी 'एक नोट्रम्प' म्हटलं की समोरचा लगेच "पंधरा ते सतरा" असं मोठ्याने सांगतो, आणि 'दोन चौकट' आली की "बदाम" म्हणतो. म्हणजे विरोधकांनाही खरा अर्थ समजला. गुप्त आहेत ती फक्त पानं, भाषा सगळ्यांची.

याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. एक नोट्रम्पनंतर 'चार किलवर' म्हणून भिडूचे एक्के विचारायचे, या संकेताला ह्यूस्टनच्या जॉन गर्बर यांचं नाव आहे. त्यांनी तो १९३८ मध्ये मांडला. हेच गर्बर १९६५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत उत्तर अमेरिकेच्या संघाचे कर्णधार होते. तिथे टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या नामांकित ब्रिटिश जोडीवर आरोप झाला की पानं धरताना बोटं कमी-जास्त दाखवून ते बदामाची संख्या एकमेकांना कळवतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी ठरवलं, पुढे ब्रिटनमध्ये झालेल्या चौकशीत आरोप निःसंशय सिद्ध झाला नाही असा निर्णय आला, आणि रीस यांनी आपली बाजू पुस्तकात मांडली. वाद कधीच पुरता मिटला नाही. पण विचार करा, बदाम किती आहेत हे सांगणं ब्रिजमध्ये गुन्हा नाहीच. 'दोन किलवर'च्या उत्तरात ते रोज सांगतात. प्रश्न एवढाच होता की ते उघड, सगळ्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं, की चोरून.

पुढे स्पर्धांनी तोंडाने बोलणंच बंद केलं. बोलीची छापील कार्डं डब्यातून काढून टेबलावर ठेवायची, म्हणजे आवाजाच्या चढउतारातून काही कळायला नको. १९७५ च्या बर्म्युडा बोलमध्ये भिडूंच्या मध्ये पडदे लावले. त्याच स्पर्धेत टेबलाखालच्या पायांच्या हालचालींवरून एका जोडीला समज द्यावी लागली, तेव्हा टेबलाखालीही आडोसा आला. माणूस तो माणूसच!

आपल्या घरातली पानं

भारतातही हा खेळ चांगलाच रुजलाय. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारतात आणलं, बर्धन यांचं वय तेव्हा साठ. २०२० मध्ये करोनामुळे क्लब बंद पडले तेव्हा हजारो लोक संगणकावर ब्रिज खेळू लागले. पुण्यातले आजोबा आणि न्यू जर्सीतली नात आता एकमेकांचे भिडू होऊ शकतात, आणि "दोन किलवर" म्हणजे काय हे दोघांना सारखंच कळतं. हे शक्य झालं ते १९४५ मध्ये कोणीतरी बसून ते नीट लिहून काढलं म्हणून.

आणि इथे मला आपल्या घरातले पत्ते आठवतात. आपल्या तीनशे चारमध्ये गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन, राणीचे दोन. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. तिथेही बोली आहे, भिडू आहे, झाकून ठेवलेला हुकूम आहे. पण हुकूम कधी उघडायचा, कोट झाला तर किती द्यायचे, किती गुणांपासून बोली सुरू करायची, हे प्रत्येक घरात निराळं. रत्नागिरीच्या माणसाला नागपूरकराचं पटत नाही. मेंढीकोटात तर दर दोन घरांमागे एक नियम बदलतो. हे सगळे नियम मे महिन्याच्या सुट्टीत सतरंजीवर बसून शिकवले गेले. लिहिले फारसे कोणीच नाहीत. त्या सतरंजीवर शिकवणारी पिढी आता थकली आहे, आणि इथल्या आपल्या मुलांना मे महिन्याची ती सुट्टी नाही.

रॅपी आणि मार्क्स निदान जाणकारांच्या आठवणीत राहिले, कारण कोणीतरी त्यांच्याबद्दल लिहिलं. आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाईंनी काढलेली तीनशे चारमधली युक्ती मात्र त्यांच्याबरोबरच जाईल. म्हणून एक विनंती. या दिवाळीत फराळ झाल्यावर पत्त्यांचा जोड बाहेर काढा, आणि खेळायला बसण्याआधी तुमच्या घरचे नियम एका कागदावर उतरवा. कोणाकडून शिकलात, कोणत्या गावी, तेही लिहा. मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या अंकात त्यासाठी दोन पानं ठेवायची, असं मी संपादकांना सुचवलं आहे. चौथा भिडू कमी पडत असेल तर फोन करा. मी येतो, आणि या वेळी 'येतो' म्हणजे खरंच येतो!